प्रमाणपत्र हाती आले; विद्या आली का?

बारावीचे निकाल लागले की शहरांतल्याच नव्हे, तर आता तालुक्याच्या गावांतल्याही भिंती संगणकवर्गांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘नेटवर्किंग शिका’, ‘सीसीएनए व्हा’, ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ अशा घोषणांनी मध्यमवर्गीय पालक भारावतो आणि बावरतोही. एका पदवीच्या बळावर ज्याने बँकेत किंवा शाळेत आयुष्य काढले, त्याला ही आद्याक्षरे अपरिचित असतात. तरीही मुलाच्या भवितव्याचा प्रश्न म्हणून मुदतठेव मोडली जाते, प्रसंगी कर्जही काढले जाते. अशा वेळी आपण नेमके काय विकत घेत आहोत, विद्या की केवळ कागद, हा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.

संगणकजाळ्याचे काम हे खरोखर प्रतिष्ठेचे आणि जबाबदारीचे काम आहे. बँकेतील खिडकी, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, रेल्वेचे आरक्षण, कारखान्यातील यंत्रे या साऱ्यांच्या मागे राऊटर, स्विच आणि केबलींचे जाळे अहोरात्र राबत असते. नळाला पाणी येत असते तोवर जलवाहिनी सांभाळणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही. जाळे सांभाळणाऱ्याचेही तसेच आहे. ते तुटले की मात्र सगळे व्यवहार ठप्प होतात आणि त्या क्षणी हवा असतो तो जाणता माणूस.

असा माणूस ओळखायचा कसा, या गरजेतूनच प्रमाणपत्रे जन्मली. १९८४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या सिस्को या कंपनीने १९९३ मध्ये ‘सीसीआयई’ ही उच्च परीक्षा सुरू केली आणि १९९८ मध्ये नवशिक्यांसाठी ‘सीसीएनए’ आणली. या प्रवेश-परीक्षेला पदवीची अट नाही. दोन तासांची परीक्षा, सुमारे ३०० डॉलर शुल्क आणि तीन वर्षांची मुदत असे तिचे स्वरूप आहे. नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयाचा शिक्का ज्याच्यापाशी नाही, अशा ग्रामीण किंवा निमशहरी तरुणाला या परीक्षेने नोकरीचे दार किलकिले करून दिले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. प्रमाणपत्राला सरसकट नाके मुरडणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

परंतु दार उघडणे वेगळे आणि घरात टिकून राहणे वेगळे. पंचवीस वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्टच्या ‘एमसीएसई’ या प्रमाणपत्राची अशीच लाट आली होती. पुस्तकातील आणि फुटलेले प्रश्न घोकून उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की ‘कागदी एमसीएसई’ हा उपहासाचा शब्दच रूढ झाला. आजही ‘डम्प’ या नावाने परीक्षेतील प्रश्नांचे संच सर्रास फिरतात आणि काही वर्गांत शिकवणे म्हणजे तेच पाठ करून घेणे असते. हे परीक्षार्थीने मान्य केलेल्या कराराच्या विरुद्ध आहे. पकडला गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते, बंदीही येऊ शकते. मात्र यापेक्षा मोठी शिक्षा पुढे, प्रत्यक्ष कामावर मिळते.

कार्यालयात कुणीतरी टेबल सरकवतो, एक केबल लोंबताना दिसते आणि सद्हेतूने तो तिचे मोकळे टोक त्याच स्विचच्या दुसऱ्या खाचेत खोचतो. स्विचला संरक्षण नसेल, तर एकच संदेश त्या वर्तुळात अविरत फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत संपूर्ण कार्यालयाचे जाळे गुदमरते. हे टाळण्याची ‘स्पॅनिंग ट्री’ ही युक्ती रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये शोधून काढली. घोकलेल्या विद्यार्थ्याला तिची व्याख्या तोंडपाठ असते. पण सारे दिवे वेड्यासारखे लुकलुकत असताना कोणती केबल प्रथम उपसायची, हे ज्याने कधी स्विचला हात लावला नाही त्याला कसे सुचावे? संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होताना दिसला, तर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत तो पोहोचलेलाच नाही, हा निष्कर्ष अनुभवी माणूस क्षणार्धात काढतो. विद्या म्हणतात ती हीच.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. कंपनीचे प्रमाणपत्र हे अखेर कंपनीचे असते. तिचा व्यापार बदलला की त्याची किंमतही बदलते. एके काळी नॉव्हेल कंपनीच्या ‘सीएनई’चा मोठा दबदबा होता, आज त्याची चौकशीही कुणी करीत नाही. ‘एमसीएसई’ जानेवारी २०२१ मध्ये कंपनीनेच निवृत्त केले. सिस्कोने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या परीक्षांची रचना मुळापासून बदलली. मात्र ज्या टीसीपी/आयपी नियमांवर महाजाल चालते, ते ‘अर्पानेट’वर १ जानेवारी १९८३ रोजी लागू झाले आणि आजही त्यांच्यावाचून पान हलत नाही. म्हणून ज्याचा पाया पक्का, त्याला नवे यंत्र शिकायला काही आठवडे पुरतात. ज्याने केवळ यंत्राच्या आज्ञा पाठ केल्या, त्याला प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा ‘श्रीगणेशा’ गिरवावा लागतो.

हा पाया घालण्यासाठी लाखभर रुपये लागतातच असे नाही. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. सिस्कोच्याच अकादमीचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे सरावाचे सॉफ्टवेअरही मोफत आहे. त्यात शेकडो जाळी बांधावीत, मोडावीत, पुन्हा बांधावीत. त्यानंतर वर्गाची गरज वाटलीच, तर पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष यंत्रांवर मुलाला किती तास मिळणार? शिकवणाऱ्याने स्वतः चालते जाळे कधी सांभाळले आहे काय? आणि नोकरीची ‘हमी’ कोणत्या अटींसह लेखी मिळणार? या प्रश्नांवर जो संचालक चाचरतो, त्याच्या दारातून परतणे शहाणपणाचे.

तथापि सगळा भार पालकांवर टाकून समाजाने मोकळे होणे योग्य नाही. सिस्कोची ‘सीसीआयई’ मिळवायची तर परीक्षार्थीला प्रयोगशाळेत आठ तास कसोटीला उतरावे लागते. म्हणजे सर्वोच्च पायरीवर केवळ पर्याय निवडण्यावर कंपनीचाही विश्वास नाही. मग पहिल्या पायरीवरच ही कसोटी का नसावी? डोएक सोसायटी म्हणून परिचित असलेली आणि २०११ पासून ‘नायलिट’ नावाने चालणारी संस्था, पुण्यात १९८८ साली उभे राहिलेले ‘सी-डॅक’ यांच्यासारखी स्वतःची केंद्रे देशापाशी आहेत. बिघडवून ठेवलेले जाळे ठरावीक वेळेत दुरुस्त करून दाखवा, अशी परीक्षा त्यांनी रुपयांतल्या माफक शुल्कात आणि मराठीसह भारतीय भाषांत घ्यावी. मालकांचा विश्वास तिने एकदा कमावला, की डॉलरमधील प्रमाणपत्र ही निकड न राहता निवड होईल.

याहून जवळचा उपाय तर गावागावांत उपलब्ध आहे. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका, शिक्षणसंस्था, धर्मादाय रुग्णालये आणि नगरपालिका यांचे दाट जाळे आहे आणि त्यांपैकी बहुतेकांकडे संगणकांचेही जाळे आहे. शिकाऊ उमेदवार घेण्यासाठी १९६१ चा कायदा आहे. प्रत्येक संस्थेने वर्षाला एक-दोन तरुणांना अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली घेतले, तर जे वर्गात मिळत नाही ते कामावर मिळेल. सुताराचा मुलगा पटाशी हातात धरूनच सुतारकाम शिकत आला; नव्या युगाच्या कारागिराला वेगळा न्याय कशाला?

काम तर समोर उभे आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणाऱ्या ‘भारतनेट’च्या सुधारित योजनेला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली, तिचा खर्च सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा आहे. परंतु तंतू जमिनीत पुरला म्हणजे जाळे चालू लागले असे होत नाही. रस्त्याच्या खोदाईत तो तुटतो, पावसात जोड निकामी होतो, वीज गेली की यंत्र बंद पडते. तेथे धावून जाणारा हात त्याच तालुक्यातला असला, तर गावाची सेवा अखंड राहील आणि त्या तरुणाला शहराची वाट धरावी लागणार नाही. भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांत संपते. हातात उतरलेल्या विद्येला मुदत नसते. मुलांना आपण यांतले काय देणार, याचा निर्णय प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वीच व्हायला हवा.