पांढऱ्या पाटीची भाड्याची दुचाकी

मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीचा वापर कशासाठी आहे हे तिच्या नंबरप्लेटच्या रंगावरून कळते : पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर वाहन खाजगी, पिवळ्या पाटीवर काळी असतील तर व्यावसायिक, आणि काळ्या पाटीवर पिवळी असतील तर भाड्याने घेऊन स्वतः चालवण्याचे. गोव्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः कळंगुट आणि हणजूणच्या परिसरात, पर्यटकांच्या हाती काळ्या पाटीबरोबर पांढऱ्या पाटीच्या दुचाक्याही दिसतात, आणि त्यांतल्या काही कोणीतरी स्वतःसाठी घेतलेल्या, पण एरवी अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्या असतात. एका दुचाकीस्वाराने आपली गाडी दुसऱ्याला चार दिवस भाड्याने द्यावी यात वरकरणी गैर काही नाही. महागडी मोटारसायकल आठवडाभर आच्छादनाखाली उभी असते आणि परगावाहून आलेल्या स्वाराला नेमकी तशीच हवी असते. अडचण एवढीच की गाडी फुकट देणारा मित्र आणि परवाना घेऊन गाड्या भाड्याने देणारा व्यावसायिक, एवढे दोघेच भारतीय कायद्याला ठाऊक आहेत. एकाच गाडीचा भाडे घेणारा मालक त्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७५ ने केंद्र सरकारला वाहने भाड्याने देण्याच्या व्यवसायासाठी योजना करण्याचा अधिकार दिला आणि त्यानुसार १९९७ मध्ये दुचाक्यांसाठी स्वतंत्र योजना लागू झाली. तिच्याखाली परवाना मागणाऱ्याकडे किमान पाच दुचाक्या असाव्या लागतात. ही अट घालताना दुकान थाटून बसलेला व्यावसायिक डोळ्यांसमोर होता हे उघड आहे, आणि त्या काळी ते स्वाभाविकही होते. परिणाम मात्र असा झाला की ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने नियम पाळायचे ठरवले तरी त्याला दार उघडे नाही; परवान्याविना भाड्याने दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

दंड ही या व्यवहारातली सर्वांत स्वस्त जोखीम म्हणायला हवी. खरी जोखीम विम्यात आहे. खाजगी दुचाकीच्या पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी करता येईल हे सांगणारे एक कलम असते आणि त्यात भाडे घेऊन केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. मित्राला गाडी फुकट दिली आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असले, तर पॉलिसी शाबूत राहते. त्याच मित्राकडून भाडे घेतले की विमा कंपनीला बचावाचा मुद्दा मिळतो, आणि तो कायद्यानेच मान्य केलेला आहे. विम्याच्या अटी मोडल्या गेल्या असताना न्यायालये पुष्कळदा जखमी पादचाऱ्याची वा मृताच्या वारसांची भरपाई आधी कंपनीला द्यायला लावतात आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतात. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण काही शे रुपयांसाठी किल्ली दिलेल्या मालकावर लाखोंची वसुली येऊ शकते, आणि ती टाळण्यासाठी ‘पैसे घेतलेच नव्हते’ असे सांगण्याचा मोह त्याला होणार हेही ओघाने आले.

गाडी घेणाऱ्याची स्थिती याहून नाजूक असते. इरकली लुगड्यांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या कर्नाटकातील इळकल गावाहून उसनी हीरो होंडा घेऊन निघालेला एक स्वार वाटेत पुढच्या बैलगाडीवर आदळून मरण पावला, तेव्हा त्याच्या कुटुंबाचा दावा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई मागण्याची वाट देणाऱ्या कलमाखाली हा दावा टिकत नाही, असे न्यायालयाने ठरवले, कारण मालकाच्या संमतीने गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो आणि मालक स्वतःकडूनच भरपाई मागू शकत नाही. अन्य तरतुदींखाली काही देता येईल का, हे पाहण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले. त्या प्रकरणात पैशांची देवघेव नव्हती. भाड्याची गाडी चालवणाऱ्याने यावरून काय समजायचे ते उघड आहे : गाडी हाती घेताना त्याने पेट्रोल किती आहे हे पाहिले तरी आपलेच हातपाय मोडले तर त्याचा विमा आहे का, हे सहसा पाहिलेले नसते.

चारचाकीच्या भाड्यापेक्षा दुचाकीचे भाडे वेगळे ठरते ते यंत्रामुळेही. दुचाकी उभ्या उभ्याही पडू शकते, आणि प्रत्येक गाडीच्या सवयी वेगळ्या असतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली असे. आजच्या मांडणीला सरावलेल्या स्वाराने अशा गाडीवर घाईत उजवा पाय दाबला तर ब्रेकऐवजी गिअर बदलतो. जुन्या येझदीत तर गिअर आणि किक यांना एकच दांडी होती. कोणत्या स्थितीत क्लच पकडतो, पुढचा ब्रेक किती दाबला की चाक अडकते, चेन कितपत सैल आहे, या गोष्टी मालकाने सोबत दोन फेऱ्या मारून सांगायच्या असतात. भाड्याच्या बहुतेक व्यवहारांत त्याऐवजी टाकीवरच्या ओरखड्यांचे मोबाइलवर चित्रीकरण होते, कारण भांडण ओरखड्यांवरूनच व्हायचे असते, हे दोन्ही बाजूंना माहीत असते.

लडाखमध्ये भाड्याच्या दुचाक्यांच्या प्रश्नाने स्थानिक अस्मितेचे रूप घेतले आहे. मनालीहून भाड्याने घेतलेल्या मोटारसायकली लेहपर्यंत आल्या तरी त्यांनी पुढे नुब्रा किंवा पँगाँगकडे जाऊ नये, असा लेहच्या भाडे-व्यावसायिकांच्या संघटनेचा आग्रह असतो, आणि खार्दुंग लाच्या वाटेवर गाडी स्वाराच्याच नावावर आहे का याची विचारणाही होते. थोड्या महिन्यांच्या हंगामावर जगणाऱ्यांची ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु आरसीची तपासणी परिवहन खात्याऐवजी प्रतिस्पर्धी व्यावसायिकांनी करावी, ही प्रथा समर्थनीय नाही.

अमेरिकेत रायडर्स शेअर, ट्विस्टेड रोड यांसारख्या मध्यस्थ कंपन्या स्वारांना एकमेकांच्या मोटारसायकली भाड्याने मिळवून देतात आणि भाडेकाळापुरत्या संरक्षणाची सोय व्यवहारातच गुंफतात. भारताला तेवढ्याच एका गोष्टीची, दिवसाच्या हप्त्यावर मिळणाऱ्या विम्याची, गरज अधिक आहे. त्याच्या जोडीला पाच गाड्यांची अट शिथिल करून एका गाडीच्या मालकालाही वर्षातील ठरावीक दिवसांपुरती नोंदणी देता येईल. काळ्या पाटीचे व्यावसायिक याला विरोध करतील, आणि त्यांचे म्हणणे निराधार म्हणता येणार नाही, कारण परवाना, योग्यता प्रमाणपत्र, व्यावसायिक विमा आणि कर यांचा भार त्यांनी वर्षभर सोसलेला असतो. मात्र तक्रार कर चुकवण्याची असेल, तर जितके दिवस गाडी भाड्यावर गेली तितक्या दिवसांचा कर एका गाडीच्या मालकाकडूनही घेता येतो.