भिंतीवरचा चौक आणि मागे राहिलेले गीत

डहाणू-तलासरी पट्ट्यातील वारली लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात. मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरी विधीची गीते गाते. रेषा आणि शब्द तेथे एकाच संहितेची अंगे होत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी ही रेषा विधीबाहेर कागदावर आणली, तिला दैनंदिन जीवनाचा खेळकरपणा दिला. आज ती शहरांतील रस्त्यांकडेच्या भिंतींवर नाचते. हे स्थलांतर स्वागतार्हच आहे. मात्र शब्द गावातच राहिल्याने तारपानर्तकांचे वेटोळे पादचाऱ्याला केवळ नक्षी वाटते. चित्राची दखल कलासमीक्षेने घेतली. धवलेरीच्या मौखिक संहितेचे संकलन व अन्वयार्थ हे मराठी विभागांचे दायित्व ठरते. ते टाळल्यास भिंती रंगतील, पण मुक्या राहतील.