पुतळा आणि पुतळ्याचा कर्ता

ठाणे-कल्याणच्या टापूत जयंती-पुण्यतिथीस पुतळ्यांना हार घालण्याची जी अहमहमिका चालते, ती पाहून या लोकांइतके शिल्पप्रेमी जगात दुसरे नसतील, असा परक्यास सहज भ्रम व्हावा. पण हार घालणाऱ्यास पुतळा कोणी घडविला असे विचारून पाहावे! पुतळ्याची उंची, खर्च आणि अनावरण करणाऱ्या मंत्र्याचे नाव तत्काळ मिळेल. कर्त्याचे मिळणार नाही.

सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) हे कल्याणचे. मुंबईस गेटवे ऑफ इंडियासमोर २६ जानेवारी १९६१ रोजी अश्वारूढ शिवछत्रपतींच्या ज्या पुतळ्याचे अनावरण झाले, तो यांच्या हातचा. पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाच्या स्मरणार्थ उभारलेल्या अवाढव्य कमानीपुढे मराठी राजा घोड्यावर बसवावयाचा आणि तिच्या विस्तारात त्याला हरवू द्यावयाचे नाही, हे काम नुसत्या देशाभिमानाने साधत नाही. स्वार व घोडा यांचा सगळा भार बारीक पायांवरून खाली उतरवावयाचा, मातीचा देह आतल्या सांगाड्यावर तोलावयाचा, आणि साचा व ओतकाम होईतो मातीतला जिवंतपणा ब्राँझमध्ये टिकवावयाचा; यातले प्रत्येक पाऊल चुकण्याजोगे आहे.

जनतेच्या अज्ञानाहून आमच्या कलासमीक्षकांचा अपराध आम्हांस अधिक मोठा वाटतो. १९४७ साली निघालेल्या प्रोग्रेसिव्ह गटावर ते भरभरून लिहितात (त्याबद्दल आमची तक्रार नाही); त्याच पिढीतल्या साठ्यांचे नाव निघाले की मात्र ‘मागणीबरहुकूम केलेले काम’ म्हणून नाक मुरडतात. मग पादुआ येथील दोनातेल्लोचा गात्तामेलाता काय स्वान्तःसुखाय झाला होता? मृत सेनापतीची कीर्ती मिरविण्यासाठीच तो घडला ना? मागणीवरून कृतीची किंमत ठरवावयाची, तर राजाश्रयाने कोरलेली अजिंठ्याची लेणीही बाद करावी लागतील!

दिल्लीच्या चांदनी चौकातील गांधीजीही साठ्यांचेच, आणि डोंबिवलीचे शिल्पालयही त्यांनीच उभारलेले. या गावच्या शाळा मुलांना सहलीस कोठकोठे नेतात. तासाभरासाठी शिल्पालयात नेऊन मुखवट्यामागचा मनुष्य मातीतून कसा काढतात, हे दाखविणाऱ्या शाळा किती?

आमची मागणी लहान आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी पुढचा पुतळा बसविताना चबुतऱ्यावर शिल्पकाराचे नाव रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत कोरावे. जागा कमी पडत असेल, तर मंत्र्याचे गाळावे.