सार्वजनिक जागा, सुरक्षेचे निमित्त आणि आमच्या हातातला कॅमेरा

'येथे फोटो काढण्यास मनाई आहे' अशी पाटी आता कुठेही दिसते. तहसील कचेरीच्या जिन्यावर, सरकारी इस्पितळाच्या दारावर, पोलीस ठाण्याच्या भिंतीवर. पाटी कोणी लावली, कोणत्या कायद्याने लावली, हे तिच्यावर लिहिलेले नसते. विचारले तर 'सुरक्षेचे कारण' एवढेच उत्तर मिळते. आणि वस्तीतला एखादा पोरगा लाठीमार सुरू असताना खिशातून मोबाइल काढतो, तेव्हा तर पाटीचीही गरज उरत नाही. मोबाइल हिसकावला जातो, चित्रफीत पुसली जाते आणि वरून सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होतो. वकिलीच्या कामात अशी प्रकरणे आमच्याकडे वारंवार येतात. म्हणून या विषयावर एकदा कायद्याच्या अंगाने सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

सार्वजनिक जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. महाडचा लढा याच प्रश्नावर उभा राहिला. चवदार तळे सार्वजनिक नसून खासगी मालकीचे आहे, असा दावा सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या न्यायालयात दाखल केला आणि सत्याग्रहाच्या तोंडावर तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी हा खटला दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचा दावा फेटाळला. ज्यांचा जागेवर हक्क आहे त्यांना तिथे मज्जाव करायचा आणि मज्जावाला कायद्याचे सोंग द्यायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे. आज तळ्याच्या जागी ठाण्याचे आवार आले आणि मनाईहुकुमाच्या जागी 'सुरक्षा' आली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ठाण्यात चित्रीकरण करणाऱ्यावर पोलीस ज्या कायद्याचा बडगा उगारतात, तो शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली करावीत असे म्हटले. एकाच वर्षातली ही दोन कागदपत्रे. एक दार उघडणारे, दुसरे दार लावणारे! गोऱ्या साहेबाने हेरांसाठी केलेल्या या कायद्यात 'निषिद्ध ठिकाण' कशाला म्हणायचे याची व्याख्या कलम २(८) मध्ये आहे. लष्करी तळ, शस्त्रागार, नौदलाची गोदी, दारूगोळ्याचे कारखाने अशी ती यादी आहे. रेल्वे, रस्ते, वीज वा पाणीपुरवठ्याची ठिकाणे त्यात आणायची असतील तर केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि तिची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत त्या जागी लावावी लागते. पोलीस ठाण्याचे नाव या यादीत कुठेही नाही.

हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात २०१८ साली झालेल्या चित्रीकरणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट निकाल दिला की, पोलीस ठाणे हे या कायद्याच्या अर्थाने निषिद्ध ठिकाण नाही, आणि त्या कायद्याखालचा गुन्हा रद्द केला. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही अहमदनगर जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. दोन खंडपीठे तेच सांगतात, तरीही ठाणे अंमलदाराच्या तोंडी तोच कायदा! कलम ३ खाली संरक्षणविषयक प्रकरणात १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा आकडा ऐकवला की गरीब माणूस मुकाट्याने मोबाइल टेबलावर ठेवतो. गुन्हा टिकणार नाही हे ऐकवणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याला खटला चालवायचा नसतो, माणूस गप्प करायचा असतो.

मग सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे काय? नाही. तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पलीकडे बसलेल्या सूत्रधारांना त्या घरबसल्या दिसल्या. २०१२ च्या कसाब निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. ही बंदी आम्हाला मान्य आहे. तिला कारण आहे, तिची वेळ ठरलेली आहे आणि ती नियमात लिहिलेली आहे. पण त्याच रात्रीची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बंदूक घेऊन चालणाऱ्या कसाबचे छायाचित्र कोणा सरकारी यंत्रणेने काढलेले नव्हते. ते वृत्तपत्राचे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी जीव धोक्यात घालून काढले. ते खटल्यात पुरावा ठरले आणि त्यांनी न्यायालयात साक्षही दिली. सार्वजनिक जागेत कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका माणसाने त्या रात्री देशाच्या सुरक्षेचेच काम केले होते. त्यातून धडा काय घेतला गेला? तर स्थानकात कॅमेरा दिसला की दरडावायचे.

सरकारचे कॅमेरे मात्र वाढतच गेले. त्याच हल्ल्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे बसवण्याचा प्रकल्प झाला आणि २०१६ पर्यंत तो उभा राहिला. आमच्या मोर्चात पोलिसांचा कॅमेरावाला गर्दीतला एकेक चेहरा टिपत फिरतो. त्याला कोणी परवानगी विचारत नाही. म्हणजे सार्वजनिक जागेत चित्रीकरण करण्याला हरकत नाही. हरकत आहे ती कॅमेरा कोणाच्या हातात आहे याला.

हे किती जीवघेणे आहे ते परभणीने दाखवले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या बंदला हिंसक वळण लागले म्हणून पोलीस आमच्या वस्त्यांत घुसले. त्या कोंबिंगची काही दृश्ये लोकांच्या मोबाइलमधूनच बाहेर आली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी अटकेत गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला. असे असताना त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सीसीटीव्ही चित्रीकरणाचा हवाला देऊन मारहाणीचा पुरावा नसल्याचे सांगितले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. सोमनाथच्या आईची बाजू ॲड. प्रकाश आंबेडकरांनी उच्च न्यायालयात मांडली आणि ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथेही ३० जुलैला त्याची याचिका फेटाळली गेली. सरकारच्या ताब्यातला कॅमेरा सरकारला हवे तेच बोलतो, हे एवढ्यावरून कळावे.

खरे तर ठाण्यातला कॅमेरा हा आरोपीच्या रक्षणासाठी आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, आवार असे सर्वत्र कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. चित्रीकरण १८ महिने जपावे, आणि तेवढी साठवण मिळत नसेल तर कमीत कमी एक वर्ष तरी जपावे, असेही सांगितले. कोठडीतील मारहाणीची तक्रार आली तर मानवी हक्क आयोगाने वा न्यायालयाने ते ताबडतोब मागवावे, हेही त्यातच आहे. पाच वर्षे होत आली तेव्हा, सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानात सात-आठ महिन्यांत ११ कोठडी मृत्यू झाल्याची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. माणूस मरतो त्या वेळी कॅमेरा नेमका बिघडलेला असतो. हा योगायोग फार जुना झाला.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. तेव्हा वस्तीत कोणाच्या खिशात मोबाइल नव्हता. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, ही पोलिसांची कथा खोडून काढायला गुंडेवार आयोग बसावा लागला. त्याच तारखेला, ११ जुलै २०१६ रोजी, गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आमच्या बांधवांना गाडीला बांधून मारले गेले. या वेळी कॅमेरा होता, पण तो मारणाऱ्यांच्या हातात होता. आपला पराक्रम जगाने पाहावा म्हणून त्यांनीच चित्रफीत पसरवली. तिने देश पेटला, हे खरे. पण त्या तरुणांची विटंबना हजारो मोबाइलवर पुन्हा पुन्हा झाली, हेही तितकेच खरे. आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवले पाहिजे. अत्याचारग्रस्त भगिनीचा चेहरा, नाव, घर दाखवणे हा कायद्याने गुन्हा आहे. संताप पोहोचवण्याच्या भरात आपण तिची अब्रू चव्हाट्यावर आणू नये. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो वर्दीतल्या माणसाच्या कर्तव्याला झाकण्यासाठी नाही, तिच्यासारख्यांसाठी आहे.

अडथळ्याच्या गुन्ह्याचेही पाहू. भारतीय न्याय संहितेचे कलम १३२, म्हणजे जुने ३५३, लागू व्हायला हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर लागतो. दहा फुटांवर उभे राहून मोबाइल धरणे हे बळ नव्हे. कलम २२१, जुने १८६, याला प्रत्यक्ष आणि स्वेच्छेने केलेला अडथळा लागतो. तेव्हा अंतर ठेवावे, शिवी देऊ नये, कोणाच्या अंगाला हात लावू नये. उलट दुसऱ्याच्या मोबाइलमधली चित्रफीत पुसण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने पोलिसाला दिलेला नाही. मोबाइल जप्त करायचा तर पंचनामा हवा आणि दंडाधिकाऱ्यांना अहवाल हवा. न्यायालयात येऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती पुराव्यात येऊ नये म्हणून नष्ट करणे हा संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, मग नष्ट करणाऱ्याच्या खांद्यावर किती का तारे असेनात. २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकात मात्र बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत शब्द आणि खुणांसोबत 'दृश्य' स्वरूपही घातलेले आहे. उद्या एखादी चित्रफीतच बेकायदेशीर कृत्य ठरवली जाईल, ही भीती आम्हाला वाटते आणि ती अनाठायी नाही.

नव्या कायद्यांत आपल्या उपयोगाचेही काही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार पोलिसांनी झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे बंधनकारक आहे. घरात शिरणाऱ्या पोलिसाला 'तुमचे चित्रीकरण कुठे आहे?' असे विचारण्याचा हक्क त्यातून मिळतो. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५ अ (१०) सांगते की, या कायद्याखालच्या सर्व कार्यवाहीचे चित्रमुद्रण झाले पाहिजे. जामिनाची सुनावणीही त्यात येते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. किती विशेष न्यायालयांत आपले वकील हा अर्ज देतात? साधनसामग्री नाही असे उत्तर येईल. ते उत्तर लेखी घ्यावे.

राहिला प्रश्न चित्रफीत न्यायालयात टिकण्याचा. इथे आमची माणसे सर्वांत जास्त मार खातात. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले गेले की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरले. त्याच अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मात्र मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. सर्व प्रयत्न करूनही अधिकारी प्रमाणपत्र देत नसतील तर त्या पक्षकाराला सूट मिळते. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. म्हणून ज्या मोबाइलवर चित्रीकरण केले तो विकू नये, दुरुस्तीला टाकू नये, त्यातली मूळ फाइल कापू नये, तिच्यावर गाणे चढवू नये. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे, तिथे फाइल दाबली जाते आणि वेळ-तारखेच्या नोंदी निघून जातात.

ठाण्यातल्या चित्रीकरणासाठी घटनेच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ आणि कोणत्या जागेचा कॅमेरा, हे लिहून ते चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करावी आणि सैनी निकालाचा उल्लेख करावा. माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज द्यावा. माणूस कोठडीत असेल तर जीवित व स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून ४८ तासांत माहिती मिळण्याची तरतूद आहे, ती अर्जात लिहावी. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. ठाणे पोहोच देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, राज्य मानवी हक्क आयोगाला आणि संबंधित दंडाधिकाऱ्यांना पाठवून पावत्या जपाव्यात.