काका, गाडीत वास येतोय

गेल्या महिन्यात माझी मुलगी तीन दिवस एकच सांगत होती, "बाबा, व्हॅनमध्ये वास येतो." पहिल्या दिवशी मी म्हटलं, कुणाचा तरी डबा सांडला असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पावसाचे दिवस, पोरांचे ओले मोजे. तिसऱ्या दिवशी मोबाईलमधून मान वर न काढता नुसतं "हं" म्हटलं. वीस वर्षं बातमीदारी करतोय आणि घरातली बातमी तीन दिवस दाबून ठेवली मी.

चौथ्या दिवशी व्हॅन दारात आली तेव्हा आत डोकं घातलं. आधी मोगऱ्याचा भपकारा. आरशाला परफ्यूमची बाटली लटकवलेली, डॅशबोर्डवर आणखी एक डबी. आणि त्या मोगऱ्याच्या आडून घरात सिलिंडर बदलताना येतो तोच वास. गाडी सीएनजीवरची. सिलिंडर मागे, त्यावर फळी टाकलेली आणि फळीवर चार पोरं.

काकांना विचारलं तर म्हणाले, "भाऊ, मला तर काहीच येत नाही. पोरं कुरकुर करत होती म्हणून बाटली आणली." काका खोटं बोलत नव्हते. एकाच वासात थोडा वेळ बसलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. सकाळी साडेसहापासून गाडीत बसलेल्या माणसाला तो येत नाही, बाहेरून आत शिरणाऱ्या पोराला येतो. म्हणून या बाबतीत ड्रायव्हरचं नाही, नव्याने बसणाऱ्याचं ऐकायचं.

पोरांना उतरवलं, इंजिन बंद केलं, दारं उघडी टाकली, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. नंतर किटवाल्याने जोडांवर साबणाचं पाणी लावलं, तर सिलिंडरजवळच्या नटाला बुडबुडे. काम चारशे रुपयांचं. खरं भ्या वाटलं ते पुढे. सीएनजी सिलिंडरची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. इथे ती मुदत उलटून 14 महिने झाले होते. भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब असतो 200 बारच्या आसपास. कारच्या टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन बार. आणि त्या सिलिंडरवर आपण पोरं बसवतो.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे तो वास हाच अलार्म, आणि आपण अलार्मवर मोगरा शिंपडतो.

सगळेच वास असे जीवघेणे नसतात. एसी सुरू करताच कुबट, ओल्या फडक्यासारखा वास आला तर आतल्या कॉईलवर बुरशी धरलेली असते किंवा केबिन फिल्टर भरलेला असतो. फिल्टर बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, बदलायला दहा मिनिटं लागतात. घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तरी ओल बरीच सुकते. गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर कूलंट गळतंय, हीटर कोअरकडे बघा. सोयाबीन काढणीनंतर तर उंदीर शेतातून थेट बॉनेटमध्ये मुक्कामाला येतात. ब्लोअरमध्ये एखादा मेला तर तो वास सांगायची गरज नाही. पण उंदराने वायर कुरतडली असेल, किंवा टेप गुंडाळून जादा लाईट-हॉर्न जोडले असतील, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर "पुढच्या चौकात बघू" करायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे बाहेर.

आणि एक वास न येणारा. दप्तरं मावत नाहीत म्हणून डिकी अर्धी उघडी, दोरीने बांधलेली, अशा व्हॅन आपल्या गावात रोज दिसतात. गाडी पुढे पळते तेव्हा मागे पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. धूर जाणवला तर निदान समजतं. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. पोरं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतात आणि आपण म्हणतो, शाळा बुडवायचे बहाणे.

आता काही जण म्हणतील, व्हॅनवाल्यावर केस करा. मला ते पटत नाही. महिन्याचे पन्नास रुपये वाढवले म्हणून आपणच ग्रुपवर बोंब मारली होती, मी सुद्धा. त्याने टेस्ट कशातून करायची? पण म्हणून सोडूनही देता येणार नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेस तपासणी असते. आपल्याकडच्या कितीतरी व्हॅन पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी गाडी म्हणून धावतात, आणि खासगी गाडीला नोंदणीची 15 वर्षं होईपर्यंत फिटनेसला कुणी बोलावत नाही. "पीयूसी आहे ना" हे उत्तर तर देऊच नका. पीयूसीवाला सायलेन्सरच्या तोंडाला नळी लावतो, फळीखालच्या नटाला नाही.

शाळेच्या बससाठी राज्याचे 2011 चे नियम आहेत. त्यात प्रत्येक शाळेला परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचे निरीक्षक. माझी मुलगी चौथ्या वर्षी त्या शाळेत जातेय, मी पत्रकार आहे, आणि समितीत पालकांचा प्रतिनिधी कोण हे मला आज सांगता येत नाही. लाज वाटते, पण खरं आहे.

सोमवारी शाळेत जाऊन दोनच गोष्टी विचारणार आहे. समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि शाळेत येणाऱ्या प्रत्येक गॅसच्या व्हॅनची टेस्टची तारीख कुणी लिहून ठेवली आहे का. उत्तर मिळालं की इथेच टाकतो. तोवर तुम्ही उद्या सकाळी व्हॅन दारात आली की एकदा आत डोकं घाला, तारीख बघा आणि कॉमेंटमध्ये लिहा. ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर टाकू नका, फक्त तारीख.

आमच्या काकांनी टेस्ट करून घेतली. पैसे आम्ही अकरा पालकांनी वाटून दिले. बाटली अजून आरशालाच आहे, काढायला तयार नाहीत.