पंच व्हायचं कुणी?

१९९३ साली शेजारची सून भाजून गेली. हवालदार दारात आले, “ताई, पंच म्हणून येता का?” मी म्हटलं, “हे घरी नाहीत.” मग नाक्यावरच्या पानवाल्याची सही झाली. पंचनाम्यात आलं, ‘स्टोव्हचा भडका.’ त्या घरातला स्टोव्ह महिनाभर बंद होता, हे मला ठाऊक होतं. पानवाल्याला कुठून असणार?

मैत्रिणींनो, आपण का टाळतो ते सांगायला नको. समन्स वर्षांनी येतं, तारखेला मजुरी बुडते, आरोपीचं घर भिंतीला भिंत लागून. झडतीच्या वेळी लेखी बोलावणं असूनही विनाकारण नकार देणं हा २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही गुन्हाच आहे. पण धाकाने आलेली बाई डोळे उघडे ठेवून थोडीच बघणार? (आणि पोलिसांना तरी बघणारी बाई हवी असते का?)

प्रत्येक गटाने पंच व्हायला तयार असलेल्या बायकांची यादी ठाण्यात द्यावी. वाचल्याशिवाय सही नाही. तारखेला दोघींनी सोबत जावं, साक्षीदाराचा भत्ता कोर्टात मागावा. तशी तरतूद आहे. आमच्या वहीत सध्या चार नावं आहेत, त्यात माझंही.