अंगणातील तेर्स

गेल्या मे महिन्यात जोयडा तालुक्यात दोन दिवस राहण्याचा योग आला. रामनगरपासून थोड्या अंतरावर, रानाच्या कडेला, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. कोल्हापुराहून बेळगाव, खानापूर, लोंढा असे उतरत गेले की ही हद्द लागते. पूर्वी ह्या तालुक्याला सुपे म्हणत. काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात जुने सुपे गाव गेले आणि तिथली पुष्कळ कुटुंबे रामनगरला येऊन वसली. एकान्त शोधणाऱ्यांना हे रान नवे नाही. वीरशैवांचे चन्नबसवण्णा बाराव्या शतकात कल्याणहून निघाले ते ह्याच तालुक्यातील उळवीला येऊन विसावले. कुणबी, सिद्दी, गोव्याकडून आलेले ख्रिस्ती, सगळेच येथे आपापले देव सांभाळून आहेत.

विद्यार्थ्याचे घर ख्रिस्ती. दिवेलागणीला अंगणातील खुरसापुढे मेणबत्त्या लागल्या, शेजारची पंधरावीस माणसे जमली, आणि लदीन सुरू झाली. पाद्री नव्हता, लदीनला तो लागतही नाही. एक म्हातारे गृहस्थ खांद्याला व्हायोलिन लावून उभे होते. त्यांनी सूर दिला आणि दोन आवाज निघाले. एक मूळ चालीचा, दुसरा तिच्यापासून गांधाराच्या अंतरावर समांतर चालणारा. शब्द लॅटिन. मरियेचे एक नाव घ्यायचे, त्यावर सर्वांनी तीच विनवणी परत म्हणायची. पुन्हा नवे नाव, पुन्हा तीच विनवणी. मींड नाही, तान नाही, दाद घेण्याची जागा नाही. पहिली पाच मिनिटे मी परीक्षकाच्या कानाने ऐकत होतो. एका बाईंचा सूर किंचित उतरतो आहे हेही टिपले. मग केव्हा ते टिपणे थांबले, कळले नाही.

लदीनीआधी जपमाळ झाली होती. तिला ही माणसे ‘तेर्स’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, आणि त्याचा अर्थ आहे तिसरा हिस्सा. कशाचा तिसरा हिस्सा? इथे मला खरी गोष्ट सापडली.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात दिवसाचे आणि रात्रीचे भाग पाडलेले आहेत. रात्री एकदा आणि दिवसा सात वेळा हातातले काम टाकून प्रार्थनेला उभे राहायचे, आणि बायबलातील दीडशे स्तोत्रे आठवड्यात गाऊन पुरी करायची. आम्हां गाणाऱ्यांना हे परके वाटू नये. पहाटेचा भैरव, तिन्हीसांजेचा मारवा, उत्तररात्रीचा मालकंस, ही आमचीही प्रहरांची पाळी आहे. त्या मठांतील गायनही आमच्या आलापाच्या जवळचे: एकसुरी, साथीवाचून, ठेक्यावाचून, श्वासाच्या मापाने चालणारे.

पण दीडशे स्तोत्रे पाठ म्हणायला अक्षर हवे, सवड हवी. शेतकऱ्याने काय करावे? त्याने प्रत्येक स्तोत्राच्या जागी एक लहान प्रार्थना धरली आणि ती मण्यांवर मोजली. दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे नमन. रोज तेवढे जमेना, म्हणून एका वेळी पन्नास, म्हणजे तिसरा हिस्सा. तोच तेर्स. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी जपमाळेत चिंतनाचे आणखी पाच प्रसंग घातले, त्यामुळे हिशेबाने आता तो चौथा हिस्सा झाला. पण जोयड्याच्या अंगणात नाव तेर्सच राहिले आहे. ज्या मठाचे नावही ह्या माणसांनी ऐकले नसेल, त्याची दिनचर्या त्यांच्या बोलीतल्या एका शब्दात शिल्लक आहे. आपल्याकडे हरिपाठाने दुसरे काय केले?

हे निव्वळ यांत्रिक आहे, मणी ओढण्याने मन शुद्ध होते काय, असा आक्षेप सुशिक्षितांकडून येतो, ख्रिस्ती सुशिक्षितांकडूनही. आक्षेप खोटा नाही. अंगणात दोन मुले सारखी भाजीच्या पातेल्याकडे पाहत होती. परंतु पलटे घोटताना आमचे मन तरी कुठे जागेवर असते? ज्या दिवशी ते जागेवर येते, त्या दिवशी गळा तयार असावा, एवढ्यासाठीच रोजचे घोटणे.

भाषेचा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला उपासनेत मोकळी वाट दिली. ते योग्यच झाले. मुळात फादर स्टीफन्सनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचून १६१६ साली राचोल येथे छापून घेतले, तेव्हाच त्यांना कळले होते की माणूस आपल्या बोलीतच विरघळतो. पण जुन्या लॅटिन चालींचे काय? त्या व्हायोलिनवाल्या आजोबांच्या मागे त्या वाडीवर कोणी शिकणारा नाही. तरुणांच्या हाती कीबोर्ड आहे आणि त्यात ठेका तयारच मिळतो. अर्थ जवळ आला, सूर दूर चालला. मला दोन्ही हवे होते, हा माझा हट्ट समजावा.

दुसरीकडे शहरांना ह्याच शांततेची भूक लागली आहे. १९९४ साली स्पेनमधील सिलोस मठातल्या बेनेडिक्टाइन साधूंचे जुने ध्वनिमुद्रण नव्या वेष्टनात निघाले आणि जगभर लाखोंनी खपले. लोक ते गाडी चालविताना, झोप येत नसताना लावीत. वाईट काही नाही. आपणही मोबाईलवर तानपुरा लावून डोळे मिटतोच. मात्र त्या साधूंनी ते कोणाला झोप यावी म्हणून गाइले नव्हते. ऐकणारा नसला तरी ते उद्या पहाटे उठून तेच गाणार होते.

माझे वडील करवीर संस्थानच्या अखेरच्या वर्षांत दरबारात गात. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. १९४९ साली संस्थान विलीन झाले, दरबार उठला, तरी पहाटेची त्यांची बैठक चुकली नाही. बँडातल्या एका गोवेकर वादकाची गोष्ट ते सांगत. संध्याकाळ झाली की तो गृहस्थ तालीम अर्धी टाकून कोपऱ्यात जाई आणि खिशातली माळ काढी. वडील तरुणपणी त्याची थट्टा करीत. पुढे दरबार गेल्यावर म्हणत, “त्याचे बरे होते. त्याचा मालक निराळा होता.”

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण माझी बैठक सुटली आहे. सकाळी वर्ग, दुपारी परीक्षांचे अर्ज, संध्याकाळी पुन्हा वर्ग. मुले विशारद होतात, स्पर्धांत बक्षिसे आणतात, आयांना आनंद होतो. गेल्या कित्येक वर्षांत कोणी ऐकत नसताना मी तासभर गाइलो, असे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतील.

लदीन संपली, मेणबत्त्या विझल्या, उकडलेले चणे वाटले गेले. आजोबांनी व्हायोलिन पेटीत ठेवले आणि माझ्याजवळ येऊन बसले. मी गवई आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

“मास्तर, तुम्ही ह्या वेळेला काय गाता?”

“ह्या वेळेला माझे वर्ग असतात.”

“मुलांना शिकवता ते झाले. तुम्ही काय गाता?”

मी चणे खात राहिलो. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. पातेल्यातले उरलेले चणे माझ्या द्रोणात घातले आणि काठी टेकीत घराकडे गेले.